केळ्यातला डीएनए स्वतःच्या हाताने काढा, मग जीएम पिकांबद्दल बोलूया

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला, बिनबियांचं कलिंगड म्हणजे जीएम (जेनेटिकली मॉडिफाइड, म्हणजे लॅबमध्ये बाहेरचा जीन घातलेलं), पोरांना देऊ नका. दोन दिवस त्यावर चर्चा चालली आणि मला खाली पार्किंगमध्ये चार जणींनी थांबवून विचारलं, कारण मी एका कॉलेजच्या बायोटेक लॅबमध्ये काम करते हे सगळ्यांना माहितीय. आता ते कलिंगड जीएम नाही, ते संकरातून येतं, त्यात क्रोमोझोमचे, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांचे, तीन संच असतात म्हणून बी धरत नाही, पण एवढं सांगून भागत नाही कारण पुढचा प्रश्न येतोच की मग जीएम म्हणजे नक्की काय. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की जीन, डीएनए हे शब्द सगळेच वापरतात पण ती वस्तू डोळ्यांनी कोणीच बघितलेली नाही. डीएनए म्हणजे पेशीतला सूचनांचा लांब धागा, आणि जीन म्हणजे त्यातला एक तुकडा, बहुतेक वेळा एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारा. म्हणून रविवारी सगळ्यांच्या पोरांना किचनमध्ये बोलावलं. केळ्यातला डीएनए काढला, कागदावर जीन कापून जोडला, आणि मग पोरांच्या आयांनी जे प्रश्न विचारले ते खरंच चांगले होते. ते सगळं इथे क्रमाने लिहितेय, घरी जसंच्या तसं करून बघा, दोन-अडीच तास लागतात.

आधी केळं

सामान सगळं घरचंच आहे. पिकलेल्या मोठ्या केळ्याचा अर्धा तुकडा, डिशवॉश लिक्विड, साधं मीठ, पाणी, चहाची गाळणी, मलमलचं किंवा सुती फडकं, काचेचा उभा ग्लास, आणि एकच गोष्ट बाहेरून आणायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडे मिळतं, ७० टक्क्यांचं चालतं, ९० च्या वरचं मिळालं तर जास्त चांगलं, आणि केमिस्टकडे नसेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं सामान विकणारी दुकानं आहेत तिथे नक्की मिळेल. सॅनिटायझर वापरू नका, त्यात जेल असतं. हे अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे गॅस आणि देवाजवळचा दिवा दोन्ही बंद करून मगच बाटली उघडायची, आणि ते प्यायचं नाही हे पोरांना आधी तीनदा सांगायचं.

बाटली आदल्या रात्री घट्ट बूच लावून फ्रीझरमध्ये ठेवा. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. गेल्या वर्षी भाचीच्या शाळेच्या प्रदर्शनात मी हेच करायला गेले होते, मे महिन्यासारखा उकाडा, अल्कोहोल सकाळपासून पिशवीत होतं, आणि अर्धा तास झाला तरी ग्लासमध्ये नुसतं गढूळ पाणी. भाचीचा चेहरा एवढासा झाला होता. अल्कोहोल जितकं गार तितका डीएनए छान वर येतो, कोमट अल्कोहोलमध्ये त्यातला बराचसा विरघळलेलाच राहतो.

आता कृती. केळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा आणि हाताने दाबून दाबून अगदी गुळगुळीत लगदा करा, गुठळी राहू देऊ नका. मिक्सर लावू नका, त्याच्या पात्यांनी डीएनएचे लांब धागे तुटतात. वेगळ्या वाटीत अर्धा कप पाणी, दोन चमचे डिशवॉश आणि अर्धा चमचा मीठ हळूच ढवळून घ्या, फेस येता कामा नये. हे पाणी पिशवीत ओता, दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने चोळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवून द्या.

या दहा मिनिटांत पोरांना सांगायचं की आत काय चाललंय. दाबल्यामुळे पेशींच्या भिंती फुटल्या. पेशीभोवती आणि आतल्या केंद्रकाभोवती जे पापुद्रे असतात ते चरबीचे असतात, आणि तेलकट कढईवर साबण जे करतो तेच तो इथे करतो, पापुद्रे सुटतात आणि डीएनए बाहेर पाण्यात येतो. मिठाचं काम असं की डीएनएच्या धाग्यावर ऋण भार असतो त्यामुळे धागे एकमेकांना लांब ढकलतात, मिठातला सोडियम तो भार झाकतो, मग धागे जवळ येऊन गोळा होऊ शकतात. आमच्याकडे एका मुलाने विचारलं की मग मीठ नाही घातलं तर? मी म्हटलं दुसऱ्या पिशवीत करून बघ. तुम्हीही करा, फरक दिसतो.

मग गाळणीवर फडकं टाकून गाळून घ्या. पिळू नका, आपोआप जेवढं गळेल तेवढंच, दोन-तीन मोठे चमचे मिळाले तरी पुष्कळ. हे गाळलेलं पाणी उभ्या ग्लासमध्ये घ्या आणि ग्लास तिरका धरून फ्रीझरमधलं अल्कोहोल काचेच्या कडेने अगदी हळू सोडा, गाळलेल्या पाण्याइतकंच. वर स्वच्छ थर, खाली पिवळट थर. आता हात लावायचा नाही, हलवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरं धुकं धरायला लागतं, मग त्यात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, आणि मग ते कापसाच्या पेळूसारखं वर सरकतं. बांबूच्या काडीवर हळूच गुंडाळलं तर नाकातल्या शेंबडासारखी तार निघते, पोरं किंचाळतात, आणि ते किंचाळणं ऐकण्यासाठीच मी हे दरवर्षी करते.

एक खरी गोष्ट सांगून ठेवते, काडीवर जे येतं तो शंभर टक्के डीएनए नसतो, त्यात केळ्यातलं पेक्टिन आणि थोडी प्रोटीनंही असतात. पण डीएनए आहेच, लाखो पेशींमधला एकत्र. जळगावच्या मोठ्या केळ्यात क्रोमोझोमचे तीन संच असतात, आणि थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तिच्यात तर आठ, म्हणून स्ट्रॉबेरीतून भरपूर निघतो. आणि हो, हे लक्षात घ्या की आपण रोज केळ्यासोबत हा डीएनए खातोय. भाजीत, भातात, माशात, सगळ्यात डीएनए असतो आणि पोटात तो पचतो. "जीएममध्ये जीन असतात" हे वाक्य ऐकलं की मला म्हणून फार वाईट वाटतं, जीन सगळ्यातच असतात. केळ्यात ३६ हजारांच्या आसपास आहेत.

कागदावर जीन कापणं

आता हे जास्त महत्त्वाचं, आणि खर्च शून्य. दोन रंगांच्या कागदाच्या लांब पट्ट्या घ्या, समजा पिवळी म्हणजे वांगं आणि निळी म्हणजे मातीतला बॅक्टेरिया. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो, ए, टी, जी, सी, आणि समोरासमोर ए ला टी, जी ला सी अशी जोडी. प्रत्येक पट्टीवर वरच्या ओळीत काहीही अक्षरं लिहा पण मध्ये कुठेतरी जी-ए-ए-टी-टी-सी असं आलं पाहिजे, आणि निळ्या पट्टीवर हे दोनदा, थोड्या अंतराने. खालच्या ओळीत प्रत्येक अक्षराखाली त्याची जोडी लिहा.

आता खालची ओळ उजवीकडून डावीकडे वाचा. तीच सहा अक्षरं! शाळेत आपण "चिमा काय कामाची" उलटं वाचायचो तसंच आहे हे, फक्त इथे उलटं वाचायचं ते समोरच्या ओळीवर. बॅक्टेरियाकडे इकोआरवन नावाचं एक एन्झाइम, म्हणजे ठराविक काम करणारं प्रोटीन, असतं, ते डीएनएवरून फिरत हीच सहा अक्षरं शोधतं आणि सापडली की दोन्ही ओळींमध्ये जी आणि ए च्या मध्ये कापतं. म्हणजे सरळ काप नाही, पायरीसारखा. वरच्या ओळीत पहिल्या जी नंतर कात्री, मग मधून आडवं जाऊन खालच्या ओळीत शेवटच्या जी च्या आधी. कापून बघा, प्रत्येक तुकड्याला चार अक्षरांची एक शेपटी राहते. निळ्या पट्टीचा मधला तुकडा उचला आणि पिवळ्या पट्टीच्या फटीत ठेवा, शेपट्या बरोब्बर बसतात कारण दोन्हीकडे कात्री एकच होती. सेलोटेप लावा. लॅबमध्ये सेलोटेपचं काम लायगेज नावाचं एन्झाइम करतं. पोरांनी हे एकदा केलं की त्यांना कळतं की वांगं आणि बॅक्टेरिया यांची अक्षरं तीच आहेत, म्हणून तर जोडता येतात.

पण नुसता जीन जोडून तो चालत नाही, त्याच्या पुढे प्रमोटर लागतो. स्टेशनवर गाडी आहे पण इंडिकेटरच नाही तर ती कधी, कुठल्या प्लॅटफॉर्मवरून सुटणार कोणाला माहीत? प्रमोटर म्हणजे ते इंडिकेटर, हा जीन पानात चालू करायचा की दाण्यात, कायम चालू ठेवायचा की ठराविक वेळी. फुलकोबीला होणाऱ्या एका व्हायरसचा ३५एस नावाचा प्रमोटर फार वापरला जातो कारण तो झाडाच्या जवळजवळ सगळ्या भागांत जीन चालू ठेवतो. आणि शेवटी टर्मिनेटर, म्हणजे इथे वाचन थांबवा. तिन्ही पट्ट्या वेगळ्या रंगात करून चिकटवा, पुढे गोल्डन राईसपाशी याची गरज लागेल.

खिडकीतली पानफुटी

जीन एका पेशीत गेला, पण शेतात लावायला अख्खं झाड हवं. ते कसं होतं हे बघायला पानफुटीचं एक जाड पान घ्या, ओल्या मातीवर आडवं ठेवा, खिडकीच्या ग्रिलमध्ये. पावसाळ्यात दोन आठवड्यांत पानाच्या कडेच्या खाचांमधून छोटी छोटी रोपं उभी राहतात, मुळांसकट. पानफुटीला हे निसर्गतःच जमतं, बाकीच्या बऱ्याच झाडांकडून ते लॅबमध्ये करून घ्यावं लागतं. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली काढलेलं एक माध्यम आजही सगळीकडे वापरतात, एमएस मीडिया म्हणतो आम्ही, क्षार, साखर, व्हिटॅमिनं आणि घट्ट करायला अगार. त्यात सायटोकायनिन जास्त ठेवलं की कोंब फुटतात, ऑक्झिन जास्त ठेवलं की मुळं. बस, या दोन हार्मोनचं प्रमाण सांभाळायचं, आणि बुरशी येऊ द्यायची नाही. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, आमच्या लॅबमध्ये त्या दोन महिन्यांत बाटल्याच्या बाटल्या फेकाव्या लागतात.

आणि जीन पेशीत घालतं कोण? बरंचसं काम ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला बॅक्टेरिया करतो. हा निसर्गात झाडाच्या जखमेतून शिरून स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे खोडावर गाठ येते. शास्त्रज्ञांनी गाठ करणारे जीन काढून टाकले आणि त्या जागी आपल्याला हवा तो ठेवला, वाहून न्यायचं काम बॅक्टेरियाकडेच राहू दिलं. १९८३ मध्ये तंबाखूवर हे पहिल्यांदा जमलं. तंबाखूच्या पानाच्या छोट्या चकत्या बॅक्टेरियाच्या पाण्यात बुडवायच्या, दोन दिवस एकत्र ठेवायचं, मग अँटिबायोटिक असलेल्या मीडियावर, तिथे ज्या पेशींनी जीन घेतला त्याच जगतात (कारण त्याच्यासोबत अँटिबायोटिकला दाद न देणारा जीनही जोडलेला असतो), तीन-चार आठवड्यांत हिरवे कोंब. ज्या पिकांवर हे नीट चालत नाही तिथे सोन्याच्या अतिबारीक कणांवर डीएनए चढवून जीन गनने मारतात. आणि २०१२ पासून क्रिस्पर आलंय, त्यात बाहेरचा जीन न घालताही झाडाचीच अक्षरं नेमक्या जागी बदलता येतात.

पेशीत जीन घालायचं किंवा बदलायचं हे शेवटचं काम घरी करायचं नाही. स्पष्ट सांगते कारण यूट्यूबवर बाहेरच्या देशातले किट दाखवतात. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि त्याखालचे १९८९ चे नियम आहेत, जीन बदललेला जीव बनवणं, ठेवणं, वापरणं सगळं त्यात येतं, लॅबलासुद्धा स्वतःची बायोसेफ्टी कमिटी लागते, आणि शेतात सोडायचं असेल तर दिल्लीच्या जीईएसीपर्यंत, म्हणजे अशा पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीपर्यंत, जावं लागतं. मुलांना आवड असेल तर मानखुर्दला होमी भाभा सेंटर आहे, वरळीला नेहरू सायन्स सेंटर आहे, तिथे घेऊन जा. आणि पुढे बायोटेकला ॲडमिशन घेतलं तर हे सगळं रीतसर शिकायला मिळतंच.

मामाच्या कापसातली अळी

आता प्रत्यक्ष पिकाकडे. जीएम पिकाची बातमी वाचली की मी पोरांना पाच प्रश्न वहीत लिहायला लावते, जीन कुठला, कुठून घेतला, झाडाच्या कुठल्या भागात चालतो, कोणाचा कुठला त्रास कमी करायला घातला, आणि तेच काम दुसऱ्या कशाने होतंय का. "जीएम चांगलं की वाईट" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, "औषध चांगलं की वाईट" विचारण्यासारखं आहे ते.

बीटी कापूस घ्या. जीन क्राय१एसी, आला बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या बॅक्टेरियातून, म्हणून बीटी. त्यापासून जे प्रोटीन बनतं ते बोंडअळीच्या आतड्यात, जिथे आम्ल नाही तर अल्कली असते, तिथे सुटं होऊन आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागांना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि त्या चिकटायच्या जागाच नसतात, म्हणून ते आपल्याला इतर प्रोटीनसारखंच पचतं. भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि सुरुवातीला बोंडअळीवरची फवारणी खरंच कमी झाली. फवारणीच्या विषाने माणसं दवाखान्यात जातात त्या भागात ही लहान गोष्ट नाही, आरोग्याचीच गोष्ट आहे.

माझा मामा यवतमाळकडे कापूस करतो. २०१७ च्या हंगामात त्याचा फोन आला, "अवो बाई, बीटी हाय म्हणून तं घेतलं ना बियाणं, मंग अळी कशी काय आली?" मी दिवाळीला गेले तेव्हा त्याने शेतात नेऊन एक बोंड फोडून हातावर ठेवलं. वरून हिरवंगार, कुठे भोक नाही, आणि आत सरकीजवळ गुलाबी अळी, कापूस पिवळा पडलेला. फुलं पण उमलायची ती पाकळ्या एकमेकींना चिकटलेली, गुलाबाच्या कळीसारखी, डोमकळी म्हणतात तिला, डोमकळी दिसली की आत गुलाबी बोंडअळी आहे असं समजायचं.

मामाला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. लाखो अळ्यांमध्ये एखादीच अशी असते की जिला या प्रोटीनचं काही होत नाही. बाकीच्या मेल्या की हिचीच पिल्लावळ उरते. म्हणून कंपन्यांना बिगर-बीटी बियाणं सोबत द्यायला लावलं होतं, ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं छोटं पाकीट, ते बांधाकडेने लावायचं. त्यावर साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग त्या दणकट पतंगांशी जोडी करतात आणि होणारी पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. पण किती जणांनी ते लावलं? मामाने नाही लावलं, त्याला ते कशासाठी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्या झाडाला अळी लागणारच ते कोण आपल्या हाताने लावेल. हिरव्या बोंडअळीला तूर आहे, हरभरा आहे, तिला दुसरीकडे खायला मिळतं, गुलाबी जवळजवळ कापसावरच जगते त्यामुळे तिच्यावर सगळा मारा बीटीचाच झाला. वरून फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन कापूस मार्चपर्यंत उभा ठेवायचा, त्यामुळे अळीला वर्षभर घर मिळालं. दोन जीनचं बोलगार्ड टू हे बीटी बियाणं २००६ पासून होतं, तेही तिने पचवलं.

आता मामा डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करतो, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावतो, रोज सकाळी त्यातले पतंग मोजतो. जीन तोच आहे, बियाणं तेच आहे, पण फरक पडलाय. जीएमच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक जीनबद्दलच भांडतात आणि त्या १२० ग्रॅमच्या पाकिटाबद्दल कोणीच बोलत नाही याचा मला मनापासून राग येतो.

केळ्यातून लस का मिळत नाही

हा प्रश्न एका आईने विचारला, तिच्या मुलाला इंजेक्शनची भयंकर भीती. आणि गंमत नाही, हे खरंच करून बघितलंय, आणि आपल्या इथे, ट्रॉम्ब्याला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी केळीत हिपॅटायटिस बी व्हायरसच्या वरच्या आवरणाच्या प्रोटीनचा जीन घातला आणि केळीत ते प्रोटीन तयार झालं, २००५ साली ते छापून आलं. त्याच्याही आधी १९९२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स आर्न्ट्झेन यांच्या गटाने तंबाखूत हे केलं होतं, आणि १९९८ मध्ये जुलाब करणाऱ्या जंतूच्या प्रोटीनचा जीन घातलेला कच्चा बटाटा माणसांना खायला देऊन बघितला, त्यांच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या. म्हणजे कल्पना पोकळ नव्हती.

मग अडलं कुठे? तुमच्या टोपलीतली डझनभर केळी बघा. एक मोठं, एक बारकं, एक कच्चं, एक डागाळलेलं. प्रत्येकात प्रोटीन वेगवेगळं असणार, आणि लसीचा डोस असा अंदाजाने देता येत नाही. बटाटा शिजवला की प्रोटीन मोडतं. आणि सगळ्यात मोठी अडचण शरीराची, पोटात येणारी गोष्ट अन्न आहे असं शरीर धरून चालतं, नाहीतर आपण रोजच्या जेवणाशीच लढत बसलो असतो, त्यामुळे तेच प्रोटीन वारंवार खाल्लं तर प्रतिकार वाढायच्या ऐवजी शरीर त्याची सवय करून घेऊ शकतं. वर हे केळं साध्या केळ्यांत मिसळलं तर ओळखणार कसं? म्हणून लसीचं केळं दादरच्या मार्केटमध्ये येणार नाही, आणि माझ्या मते येऊही नये.

पण झाडाचा उपयोग संपला नाही, लोकांनी वेगळा रस्ता धरला. झाड खायचं नाही, बंद जागेत वाढवायचं आणि त्यातून प्रोटीन शुद्ध करून इंजेक्शन बनवायचं. गाजराच्या पेशींमध्ये बनवलेलं गोशे या दुर्मिळ आनुवंशिक आजारावरचं औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. तंबाखूच्या एका जातभाईच्या पानांत बनवलेली कोविडची लस कॅनडाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केली होती, ती कंपनी पुढच्या वर्षी बंद पडली हा भाग वेगळा. आणि त्या आईला मी हेही सांगितलं की तुझ्या मुलाला जन्मल्यावर २४ तासांत जी हिपॅटायटिस बीची लस दिली ना, ती व्हायरसचा जीन यीस्टमध्ये घालूनच बनते, तेच यीस्ट ज्याने पाव फुगतो त्याच्या नात्यातलं. ती थोडा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, हे आधी कोणी का सांगत नाही.

गोल्डन राईस आणि आपली भाजीची पिशवी

तुमची प्रमोटरची पट्टी आता काढा. भाताच्या हिरव्या पानात बीटा कॅरोटीन असतंच, त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण दाण्याच्या पांढऱ्या भागात ते बनत नाही. इंगो पोट्रिकस आणि पीटर बेयर यांनी २००० साली दाखवलं की डॅफोडिल फुलाचा आणि बॅक्टेरियाचा जीन दाण्यातच चालू होणाऱ्या प्रमोटरसोबत घातला तर तांदूळ पिवळा होतो, पुढे डॅफोडिलच्या जागी मक्याचा जीन घातल्यावर प्रमाण बरंच वाढलं. फिलिपिन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली, २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने थांबवली. भारतात तो पिकत नाही.

पाचवा प्रश्न इथे विचारा, दुसऱ्या कशाने होतंय का? ज्या घरात लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, मेमध्ये आंबा येतो तिथे गोल्डन राईसची गरज नाही. सरकारी दवाखान्यात बाळाला नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस फुकट देतात, ते चुकवू नका. पण जिथे मूल भात आणि मीठ यावरच वाढतं तिथे मी त्याला सरळ नको म्हणणार नाही. आणि हे काम साध्या निवड पद्धतीनेही होतं, धनशक्ती नावाची जास्त लोहाची बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रातच आली, त्यात बाहेरचा एकही जीन नाही. बाजरीची भाकरी खाणाऱ्यांनी दुकानदाराला नाव घेऊन विचारा.

बाजारात नेमकं काय आहे तेही सांगते, कारण फॉरवर्डमध्ये सगळं मिसळतात. भारतात कायदेशीर पिकतं ते जीएम पीक एकच, कापूस. स्वीट कॉर्न, रंगीत ढोबळी, बिनबियांची द्राक्षं, हायब्रीड टोमॅटो यातलं आपल्याकडे काहीच जीएम नाही. बीटी वांग्यावर ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली ती अजून आहे, शेजारी बांगलादेशात मात्र २०१४ पासून ते लावतात. जीएम मोहरीला जीईएसीने २०२२ मध्ये हिरवा कंदील दिला आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ट्रॉम्ब्याचा टीएजी-२४ भुईमूग ऐकला असेल, तो किरणोत्साराने बदल घडवलेल्या वाणांच्या संकरातून निवडलेला, जीएम नाही. आणि मे २०२५ मध्ये भाताच्या कमला आणि पुसा डीएसटी राईस १ या दोन जाती जाहीर झाल्या, त्या क्रिस्परच्या, त्यात बाहेरचा जीन नाही म्हणून त्यांना वेगळे, सोपे नियम. फक्त सरकीचं तेल आणि बाहेरून येणारं सोयाबीन तेल हे जीएम झाडाचं असू शकतं, फरसाण बऱ्याचदा त्यातच तळलेलं असतं, पण रिफाइंड तेलात प्रोटीन आणि डीएनए जवळजवळ उरतच नाही. तेलाची काळजी करायचीच असेल तर ते किती वेळा तापवलंय याची करा.

संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा एक छोटी काडीवरचा डीएनए सोडायला तयार नव्हती. तो घरी ठेवायचा असेल तर औषधाची छोटी काचेची बाटली धुवून घ्या, अर्धी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भरा, काडी त्यात हलवून धागे सोडा, बूच घट्ट लावून वर तारीख लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. कित्येक महिने तसाच पांढरा राहतो. ग्लासमधलं उरलेलं भरपूर पाण्यासोबत बेसिनमध्ये ओता आणि मगच गॅस पेटवा.